अजून दोन ठिपके

या, असे जवळ या बघू. दारातच काय उभे राहता? मागच्या खेपेलाही तुम्ही हेच केलंत. पायात बूट, अंगात जॅकेट, हातात गाडीची किल्ली आणि तोंडात 'नाही मावशी, पाचच मिनिटं.' अहो, पाच मिनिटांत चहाला आधणसुद्धा येत नाही. आज तुम्हाला आमच्या शेजारच्या मेश्रामभाऊंचं सांगते, म्हणजे पुढच्या वेळी असं करताना जरा तरी लाज वाटेल.

तर हे मेश्रामभाऊ. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात ना, खिशात टाकायच्या, तशा चार पुड्या ते एका पुठ्ठ्यावर अधिकच्या चिन्हासारख्या चिकटवतात. मग भर बर्फात आमच्या घरांमागच्या तळ्याला वळसा घालून पलीकडे जातात, खांबाला तो पुठ्ठा बांधतात आणि परत येऊन आपल्या डेकवर, म्हणजे मागच्या लाकडी ओट्यावर, स्टुलावर बसतात. समोर लोखंडी पट्टीवर आवळलेली दुर्बीण. तिच्यातून त्या पुड्यांकडे तासभर बघायचं. मग एक बटण दाबायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "अजून दोन ठिपके."

अख्खा हिवाळा हेच चाललं होतं. माझी नात खिडकीतून बघून म्हणायची, "आजी, ही इज सो वीअर्ड." मी म्हटलं, बाई गं, तुझी आई रोज पावलं मोजते, तेव्हा तुला काही वाटत नाही!

भाऊ नागपूरचे. तिथल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये तीस वर्षं भिंगं पुसली, काटे सरळ केले. बायको गेली आणि मुलानं, निखिलनं, त्यांना इकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आणलं. निखिल शिकायला म्हणून आला तो इथलाच झालेला. बापलेक दोन वर्षं बरे राहिले. मग निखिलला ऑफिसातल्या मित्रांबरोबर शिकारीचा नाद लागला. रानडुकरांच्या. भाऊ पडले पंचशील पाळणारे, रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावणारे. ते म्हणाले, "या घरात बंदूक आली तर मी नाही." निखिल म्हणाला, "बाबा, ती डुकरं लोकांची शेतं खणून काढतात." भाऊ म्हणाले, "शेत तुझं आहे का?" बोलणं तिथं थांबलं ते थांबलंच. पुढं निखिलला टेक्ससमध्ये नोकरी मिळाली. तो गेला, हे इथंच राहिले.

दीड वर्ष फोन नाही. दिवाळीला नाही, वाढदिवसाला नाही. आणि मग मागच्या नोव्हेंबरात एक खोकं आलं.

आता त्या खोक्यातली गंमत सांगते. मला भाऊंनी सतरा वेळा सांगितली, म्हणून पाठ झाली. बंदुकीवर एक साधी दुर्बीण असते, दिवसा नेम धरायला. तिच्या पुढ्यात एक डबीसारखं यंत्र बसवतात. त्याला थर्मल म्हणतात. त्यात उजेड नाही, ऊब दिसते. गरम ते पांढरं, गार ते काळं. पण दोन्ही एका रेषेत हवीत. डबी जरा कलली, तर डोळ्याला दिसतं एकीकडे आणि गोळी जाते भलतीकडे. निखिलचं नेमकं तेच झालं होतं. त्यानं दोन्ही भिंगं पाठवली आणि चिठ्ठीत एवढंच लिहिलं, 'बाबा, जमत नाहीये. तुम्हीच करू शकाल.' बंदूक मात्र पाठवली नाही, तेवढं त्याला कळत होतं.

भाऊंनी ती चिठ्ठी बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवली आणि कामाला लागले. "ताई, गोळी कशाला लागते? आधी नुसत्या दुर्बिणीतून पुड्यांच्या फुलीच्या मधोमध बघायचं. मग पुढं डबी लावायची आणि फुली किती सरकली ते बघायचं. जितकी सरकली तितकं बटण दाबून डबीतलं चित्र ठिपक्या-ठिपक्यानं सरकवायचं. दिवसाच्या दुर्बिणीच्या स्क्रूला हात लावायचा नाही. ती आधीची आहे. नंतर आलेल्यानं जुळवून घ्यायचं."

हे त्यांचं लाडकं वाक्य. नवा मायक्रोवेव्ह जुन्या टेबलावर मावेना, तेव्हाही हेच. माझा जावई नवीन सोफा घेऊन आला आणि तो दारातून जाईना, तेव्हा भाऊ बर्फात उभं राहून म्हणाले, "दार आधीचं आहे. सोफ्यानं जुळवून घ्यायचं." जावई फक्त गुरगुरला नाही एवढंच.

एकदा कुत्रं फिरवणाऱ्या बाईनं पोलिसांना कळवलं, की एक म्हातारा दुर्बीण रोखून बसलाय. पोलीस आला. भाऊ जागचे न हलता म्हणाले, "नो गन, सर. ओन्ली ग्लास. कम, सी." तो वाकला. त्यानं आधी पुड्या पाहिल्या, मग तळ्यावरची बदकं, मग आपल्याच गाडीचं बॉनेट. "ओ, कूल!" म्हणाला आणि वीस मिनिटं हलेना. तो गेल्यावर भाऊ म्हणाले, "पोरगं चांगलं होतं ताई. पण उभ्या उभ्याच गेलं. बसा म्हटलं तर बसलं नाही."

मलाही कामाला लावायचे. पुठ्ठा वाऱ्यानं हलतो म्हणून मी तळ्यापलीकडे तो धरून उभी. पलीकडून हाक यायची, "ताई, तुमचं नाक काळं दिसून राहिलं! आत जा बाप्पा, गरम व्हा, मग या!" माझ्या नाकाची इतकी काळजी आमच्या ह्यांनी कधी केली नव्हती.

आणि दर रविवारी सकाळी अकराला निखिलचा फोन. भाऊ स्पीकरवर टाकायचे, म्हणजे हात बटणांना मोकळा.

"बाबा, झालं का?"

"अजून दोन ठिपके डावीकडे आहे."

"अहो, टू पिक्सेल्स चालतात, यार बाबा!"

"तुला चालतात. जेवला का?"

"हो. काय जेवलात तुम्ही?"

एवढंच. पण फोन ठेवल्यावर भाऊ ताठ चालायचे.

फेब्रुवारीत एका रविवारी फोनच्या आधी मी त्यांच्याकडे मेथीचे पराठे घेऊन गेले. ते चहा टाकायला आत गेले होते. म्हटलं, बघू तरी. ताटली मांडीवर घेऊन स्टुलावर बसले आणि डोळा लावला. आडवी उभी रेघ, आणि बरोब्बर मधोमध पांढरी फुली. मला शाळा फारशी नाही, पण मधोमध म्हणजे काय ते कळतं. एवढे दिवस ऐकून डबी काढायची कशी तेही कळलं होतं. काढून पाहिलं. फुली तिथंच. परत बसवली. तिथंच.

"भाऊ! झालंय की हे!"

ते कप घेऊन दारात थांबले. कप खाली ठेवला. आले, वाकले, बटण दोनदा दाबलं. फुली सरकली.

"आता नाही झालं," म्हणाले.

"कधीपासून असं करताय?"

"डिसेंबरपासून. पहिल्या आठवड्यातच झालं होतं." मग स्टुलाला धरून खाली बघत म्हणाले, "ताई, झालं म्हणून सांगितलं तर रविवारी तो काय विचारेल?"

मला पराठ्याची ताटली ठेवायला जागा सापडेना.

मग तेच म्हणाले, "आणि दुसरंही आहे. नीट करून दिलं तर जीव जाणार, पहिलं शील मोडतं. झालं नाही म्हणावं तर खोटं, चौथं मोडतं. दर रविवारी चौथंच मोडून राहिलो मी."

तेवढ्यात अकरा वाजले. फोन वाजला. "बाबा, झालं का?"

भाऊ तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "झालं रे निखिल! मी शेजारची काकू बोलते. अगदी मधोमध. पण पार्सलानं पाठवता येत नाही. हादरे बसून पुन्हा हलेल. तूच येऊन ने." हादऱ्यांचं मला काय ठाऊक! पण माझी कसली शीलं? खोटं बोलले आणि पचवलं.

मग तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात शिकागोला मीटिंग आहे. बघतो."

तो आला. भाऊंनी आदल्या दिवशीच पाटवडीचा रस्सा करून ठेवला होता आणि मला बोलावलं होतं, का तर गप्पा अडल्या तर कोणीतरी असावं. निखिल दारात उभा, बापासारखाच उंच, अंगात जाड जॅकेट. "दीड तास आहे, बाबा. फ्लाइट आहे."

"जॅकेट काढ," भाऊ म्हणाले.

त्यानं काढलं. खिडकीजवळच्या गुबगुबीत खुर्चीत बसला, तिथंच जेवला, दोनदा रस्सा घेतला. बापलेक भिंगांबद्दलच बोलले. एकदाच भाऊंनी विचारलं, "किती मारली?"

"एकपण नाही. नेम चुकत होता, म्हणून तर पाठवलं ना."

भाऊ उठले. मला वाटलं, आता काहीतरी बिघडणार. त्यांनी डेकचं दार सरकवलं आणि लोखंडी पट्टी दारासमोरच्या टेबलावर आणून ठेवली. "बघ," म्हणाले. निखिलनं तळ्यापलीकडच्या पुठ्ठ्याकडे बघितलं, डबी लावून बघितलं, काढून बघितलं. "परफेक्ट आहे, बाबा."

"मग ने."

"तुम्हाला चालेल?"

भाऊ म्हणाले, "या देशात तू आधी आला. मी नंतर आलो."

निखिलनं मान खाली घातली. त्याला ते वाक्य पुरतं ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकलेलं. मग तो 'गाडीवरचा बर्फ काढतो' म्हणून बाहेर गेला, जॅकेट हातातच घेऊन.

भाऊंनी डबी पट्टीवरून सोडवली. तिला मागून एक छोटं भिंग लावलं की नुसती हातात धरूनही बघता येते. मला वाटलं खोक्यात भरणार. त्यांनी ती डोळ्याला लावली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. मग माझ्या हातात दिली.

खुर्ची काळी होती आणि तिच्यात निखिल बसला होता. पाठ, मांड्या, खुर्चीच्या हातावर टेकलेलं कोपर, सगळं पांढरं, त्याची मागं राहिलेली ऊब. मी बघत होते तोवर कोपर गेलं. मग पाठ करडी झाली. बाहेर बर्फ खरवडल्याचा आवाज येत होता आणि इथं तो कडेकडेनं विझत होता. मी यंत्र परत दिलं. शेवटचं त्यांनी बघावं.

मग त्यांनी भिंगं पुसली, खोक्यात भरली, चिकटपट्टी लावली. गाडी गेली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, चार मिनिटं. आता विचारायला काही उरलं नाही, तर तो हवा विचारतो. भाऊ सांगतात, "उणे चार." डुकरांचं दोघंही काढत नाहीत. डेकवर स्टूल अजून आहे, त्याच्यावर बर्फ साचतो.

म्हणून म्हणते, लवकर या. नुसतं माझ्याकडे नका येऊ, त्यांच्याकडेही चला, मी घेऊन जाईन. आणि गेल्यावर जॅकेट काढा, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसा, चांगले पाठ टेकून, तासभर तरी. आता ते यंत्र त्यांच्याजवळ नाही. माणूस उठून गेलं की ते दार लावतात, परत येतात आणि खुर्चीवर हात ठेवून बघतात. गार लागता कामा नये.