घंटा झाल्याशिवाय जेवण नाही

"पाखरांना जेवू घालायला पैसा लागत नाही, शिस्त लागते," मॅनेजरांनी भर बेकरीत जाहीर केलं. बेकरीवाला पाव कागदात गुंडाळत होता. त्याने मान डोलावली. गिऱ्हाइकाच्या कुठल्याही विधानाला मान डोलवायची, हे त्याचं धंद्याचं धोरण होतं. मॅनेजरांना मात्र वाटलं की जगाने आपलं म्हणणं मान्य केलं, आणि ते आणखी खुलले. बाजारात पाखरांच्या खाण्याच्या चकचकीत पिशव्या मिळतात त्यांत निम्मी टरफलंच असतात, ही गल्ली रोज जे फेकून देते तेवढ्यावर आपण अख्ख्या आभाळाला जेवू घालून दाखवू, असं त्यांनी ऐकवलं. शिळे पाव बाजूला काढून ठेवायला सांगितले. शक्यतो बिनमिठाचे, कारण पाखरांना मीठ सोसत नाही.

या आत्मविश्वासाला आधार होता. मॅनेजरांनी सगळी नोकरी एका वसतिगृहाच्या भोजनगृहात काढली होती. सरकार देईल त्या तुटपुंज्या रकमेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तरणी पोरं पोसली, आणि एकही पोरगा उपाशी झोपला नाही की एक शीत वाया गेलं नाही. त्यांचे नियम तीन होते. घंटा झाल्याशिवाय जेवण नाही. जेवताना मॅनेजर समोर उभे. आणि वेळ संपली की ताटं उचलली, मग राजा येवो की रंक. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्यांना ती पितळी घंटाच भेट दिली होती. ती आता स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली होती आणि तिला वाजायला काही कारण नव्हतं.

बायको होती तोवर ती जेवणाआधी चमच्याने पेल्यावर टणटण करायची. "या साहेब, नाहीतर तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही." ती गेली आणि पेला मुका झाला. मॅनेजर ओट्याशी उभे राहूनच जेवू लागले. एका माणसासाठी खुर्ची ओढायची, टेबल पुसायचं, हे सगळं त्यांना उगाच वाटायचं. ज्याने आयुष्यभर शेकड्यांनी माणसं जेवताना पाहिली त्याला एकट्याने जेवणं जड जातं. मॅनेजरांना ते फार जड जात होतं, पण सांगणार कोणाला?

लेक दुसऱ्या गावी होती. रविवारी फोन करायची. तिनेच सुचवलं होतं, "बाबा, बागेत पाखरांना दाणे घालत जा. तेवढीच सोबत." लेक वेळ जाण्यापुरतं बोलली, मॅनेजरांनी भोजनगृह काढायला घेतलं.

तयारी जोरात झाली. किराणा दुकानदाराकडून पोती झाडल्यावर उरणारी कणी आणि बाजरी आणली. फळवाल्याकडून डाग पडलेली सफरचंदं आणि काळी पडलेली केळी आणली. भाजीवालीला सांगून ठेवलं की भोपळा चिरून विकताना बिया फेकायच्या नाहीत. त्या धुऊन, सुकवून त्यांनी बरण्यांत भरल्या. फुटक्या बशा झाडाच्या सावलीत मांडल्या, मडक्याच्या झाकणात चोच बुडेल इतकंच पाणी ठेवलं, मांजर चढू नये म्हणून फांदीला पत्रा गुंडाळला. फळ रोज, आणि शिवाय सोमवारी कणी, मंगळवारी पावाचा चुरा, बुधवारी बिया असा बेत ठरला. खरं सांगायचं तर एवढी चोख व्यवस्था एखाद्या हॉटेलातही नसेल.

मग दुपारी, जेवणाच्या ठरल्या वेळी, मॅनेजर स्वच्छ सदरा घालून बागेत आले आणि त्यांनी घंटा वाजवली.

भिंतीवर टपून बसलेल्या चिमण्या, पेरूवरचे बुलबुल, पलीकडच्या छपरावरची कबुतरं, सगळी एकदम उडाली ती दिसेनाशी झाली. एक कावळा तेवढा ओरडत ओरडत गेला.

पहिला दिवस आहे, सवय नाही, असं म्हणून मॅनेजर हात मागे बांधून बशांजवळ उभे राहिले. एक तास उभे होते. माणूस समोर खांबासारखा उभा असताना कोणतं पाखरू जेवायला उतरणार? पण नियम तो नियम. तास संपला, त्यांनी ताटं उचलली. कणी बरणीत परत गेली. कापलेली फळं मात्र ठेवता येत नव्हती, आणि अन्न टाकणं मॅनेजरांच्या रक्तात नव्हतं. म्हणून त्यांनी ती काळी केळी आणि डागाळलेलं सफरचंद तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकलं.

नेमकं हेच कुंपणापलीकडून शिवणबाईंनी पाहिलं.

शिवणबाई म्हणजे मॅनेजरांच्या बायकोची जुनी मैत्रीण. मुलगा परगावी गेल्यापासून शेजारच्या घरात एकट्याच असायच्या आणि खिडकीशी यंत्र लावून लोकांचे कपडे शिवायच्या. असं त्यांनी दुसऱ्या दिवशीही पाहिलं, तिसऱ्या दिवशीही पाहिलं. घंटा व्हायची, पाखरू एकही नाही, आणि मॅनेजर बशीतलं काढून खायचे. माणूस उपाशी राहतोय की काय, असं त्यांना वाटलं.

एकदा शंका आली की पुरावे आपोआप जमा होतात. शिवणबाई बेकरीत बोलल्या, बेकरीवाला किराणा दुकानदाराशी बोलला, आणि भाजीवालीने कपाळाला हात लावला. शिळे पाव नेतात, झाडलेली कणी नेतात, भोपळ्याच्या बियासुद्धा सोडत नाहीत. पाखरांसाठी म्हणतात, पण त्या बागेत पाखरू कधी दिसलंय का कोणाला? मानी माणूस, तोंडाने मागणार नाही. आणि मीठ चालत नाही म्हणतात, म्हणजे वर दुखणंही लपवताहेत. निवृत्तिवेतन नक्कीच अडलं असणार, असं दुकानदाराने शेवटी अनुमान काढलं.

दुसऱ्याच दिवसापासून शिळ्या पावात ताजा पाव निघू लागला. कणीच्या पुडीत निवडलेले तांदूळ येऊ लागले. डागाळलेल्या सफरचंदांवर भिंग लावूनही डाग सापडेना. मॅनेजर मनातून सुखावले. आपल्या शब्दाला अजून वजन आहे, असा त्यांनी अर्थ लावला. पाखरं तेवढी अजून शिस्तीला आली नव्हती, म्हणून त्यांनी घंटा जास्त वेळ वाजवायला सुरुवात केली.

आणि एके दिवशी ताटं उचलायच्या सुमाराला शिवणबाई डबा घेऊन आल्या. "जास्त झालं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "डबा मला लगेच परत हवा, म्हणून थांबते."

पाहुणी समोर बसली म्हटल्यावर उभ्याने कसं जेवणार? मॅनेजरांनी खुर्ची ओढली, टेबल पुसलं. पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. भातात मीठ नव्हतं, भाजीत मीठ नव्हतं, आमटीही ठार अळणी. पण बाई इतक्या मायेने बघत होत्या की त्यांनी घास गिळला आणि "वा" म्हणाले. त्यानंतर रोजच जास्त होऊ लागलं. रोजच मीठ नसायचं. मॅनेजर रोज शेवटपर्यंत जेवायचे, कारण जेवता जेवता बोलायला मिळायचं. वसतिगृहातल्या गमती, बायकोच्या खोड्या, लेकीचं लहानपण. शिवणबाई हसायच्या, कधी डोळे पुसायच्या, आणि डबा घेऊन जायच्या. त्या गेल्यावर घर पुन्हा गप्प व्हायचं, आणि मॅनेजर दुसऱ्या दिवशीच्या दुपारची वाट बघत बसायचे.

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण शिवणबाईंनी काळजीपोटी लेकीला फोन केला.

लेक मिळेल त्या गाडीने आली. घरात शिरली ती थेट कपाटाशी. झाडलेली कणी, वाळवलेल्या बिया, पावाचा चुरा, वर मॅनेजरांच्या अक्षरात "सोमवार", "बुधवार". ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. मॅनेजरांना काही कळेना.

"अगं, पाखरांचं आहे ते."

"बाबा, पुरे झालं. तुम्ही माझ्याकडे चला. आजच सामान बांधू. हे घर बंद करू."

मॅनेजर दचकले. लेकीचं घर चांगलं होतं, जावई चांगला होता, पण सगळी सकाळी बाहेर पडत आणि दिवे लागल्यावर परतत. तिथे दुपारी टेबलाशी समोर कोण बसणार? हे काही त्यांना बोलता आलं नाही. ते म्हणाले, "पाखरं दाखवतो तुला. मग ठरव." तरातरा बागेत जाऊन त्यांनी कणी, बिया, केळी सगळं एकदम बशांत मांडलं आणि ते जीव तोडून घंटा वाजवू लागले.

भिंतीवरच्या चिमण्या उडाल्या. बुलबुल उडाले. छपरावरची कबुतरं उडाली. लेक दारात उभी होती. तिने उडणाऱ्या पाखरांकडे बघितलं, मग घंटेकडे, मग बापाकडे.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही जेवायला बोलावताय की हाकलताय?"

मॅनेजरांचा हात हवेतच थांबला. लेकीने ती घंटा काढून घेतली, त्यांना आत आणून खिडकीच्या पडद्याआड बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. थोड्या वेळाने एक चिमणी आली. मग तिने कोणाला सांगितलं कोण जाणे, बशांवर नुसती झुंबड उडाली. बिया फुटत होत्या, कणी उडत होती, दोन बुलबुल केळ्यावरून भांडत होते. अगदी वसतिगृहातल्यासारखा गोंधळ चालला होता. मॅनेजरांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी आपल्या घरी कोणीतरी पोटभर जेवत होतं.

लेक हसली. गल्लीने तुम्हाला उपाशी समजून अन्न पुरवलं, हे तिने बापाला सांगितलं आणि ती खूप वेळ हसत राहिली. सामान बांधायचं बारगळलं. निघताना म्हणाली, "काकूंना सांगून जाते, तुम्ही ठणठणीत आहात. बिचाऱ्या रोज डबा करतायत, त्यांचा त्रास तरी वाचेल."

"तू नको," मॅनेजर घाईघाईने म्हणाले. "मीच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं नाही! उद्या सांगू, परवा सांगू, असं चाललं. बेकरीवाल्याला त्यांनी ताज्या पावाचे पैसे घ्यायला लावले, दुकानदारालाही खरं काय ते सांगितलं, पण शिवणबाईंपुढे जीभ रेटेना. पाखरं सकाळपासून निवांत येऊन जेवत. दुपारी शिवणबाईंच्या फाटकाची कडी वाजली की मॅनेजर लगबगीने बागेत जात आणि घंटा बडवत. पाखरं पसार होत. शिवणबाई येत तेव्हा बाग ओसाड असे आणि मॅनेजर केळ्याचा उष्टा तुकडा हातात धरून शक्य तितके भुकेले दिसत उभे असत. या वयात एवढं नाटक जमेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

लेकीचा फोन येई. "सांगितलंत का?" "सांगतो गं."

एका दुपारी शिवणबाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि त्या नेहमीसारख्या बसल्या नाहीत.

"भाऊजी, उद्यापासून घंटा वाजवू नका."

"का बरं, वहिनी?"

"तुमची घंटा झाली की ती सगळी पाखरं माझ्या दोरीवर येऊन बसतात. गिऱ्हाइकांचे कपडे असतात हो तिथे. कालचा पांढरा सदरा मला पुन्हा धुवावा लागला."

मॅनेजरांनी हातातला केळ्याचा तुकडा खाली ठेवला. सगळं संपलं, डबा गेला, दुपार गेली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ते कसेबसे म्हणाले.

"तुमची लेक आली त्याच दिवसापासून. माझं यंत्र खिडकीशीच आहे की."

"मग तुम्ही डबा का आणत राहिलात?"

शिवणबाईंनी पदराचं टोक उगाच सारखं केलं. "एकटीपुरतं शिजवायला मला जमत नाही," त्या म्हणाल्या, "आणि खायला तर त्याहून जमत नाही." मग त्यांनी पिशवीतून दुसरं ताट काढलं, खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

दोघं जेवू लागले, तोवर पाखरं परतली होती. बाहेर चिमण्यांचा कलकलाट चालला होता आणि कोणी त्यांना हाकलत नव्हतं. मॅनेजरांना इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी इतके दिवस पोटात ठेवलेली गोष्ट बोलून टाकली.

"वहिनी, एक विनंती होती. रागावू नका. उद्यापासून जरा मीठ घालाल का?"

शिवणबाईंचा घास तोंडाशी थांबला. "तुम्हाला चालतं?"

"मला चालतं. पाखरांना चालत नाही."

शिवणबाई आपल्या ताटाकडे बघत राहिल्या, मग मॅनेजरांकडे, मग पुन्हा ताटाकडे.

"आणि मी इतके दिवस तुमच्यासाठी म्हणून एकाच भांड्यातलं अळणी जेवतेय!"