मधी वारा नको

सन १९८४. माझं वय त्रेसष्ट. पांडूचं तो सांगेल ते. दिवाळे गावचा हा कोळी माणसाला चिकटूनच बसायचा. बाकावर ऐसपैस जागा असली तरी मांडीला मांडी लावणार आणि वर म्हणणार, "मधी वारा नको."

हे खूळ त्याने वाशीच्या दवाखान्यातून उचललं. त्याचा खांदा जाळी ओढून धरलेला, माझा पावणे गावच्या कारखान्यात. दवाखान्यातली बाई मशीनने शेक द्यायची. आवाजाचा शेक! आणि आवाज असा, की कुणालाच ऐकू येत नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणारा नाही.

"ऐकू येत नाही तो आवाज कसला?" मी विचारलं.

"आजोबा, कानाला नाही कळत, मांसातल्या पेशींना कळतो. त्या थरथरतात, आत ऊब येते, रक्त धावतं."

त्याआधी खांद्याला गार जेली फासायची. मशीन आणि कातडी यांच्यात हवा राहिली, की आवाज तिथूनच परत फिरतो म्हणे.

पांडूने नेमकं तेवढंच धरलं. टोपलीत बोंबील दाबून भरताना, "मधी वारा नको." एसटीत माझ्या पोटात कोपर खुपसताना तेच.

खांदा सुटला तरी तो यायचा थांबेना. एकदा बाईला म्हणाला, "बाय, ही मशीन माज्या बायकोच्या, हिराच्या कानाला लाव ना. दोन वरसं झाली, तापात कान गेलं. घरान मी बोलतंय नि भिंत आयकते."

"काका, कानाला हे चालत नाही."

पांडू बाकावर परतला, तो माझ्यापासून हातभर लांब बसला. पहिल्यांदाच.

मला राहवेना. संध्याकाळी मासळीचं निमित्त काढून दिवाळ्याला गेलो. दार उघडंच होतं. हिराबाई पाटावर बसलेली, कानामागे खोबरेल चोपडलेलं, आणि पांडू तिथल्या हाडाला हनुवटी गच्च टेकून ओरडत होता, "हिरा, जेवलीस क?"

ती दचकली. मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"दुपारी तुज्यासंगंच त जेवले, येड्या!"

मी मासळी न मागताच मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडू सगळ्यांच्या आधी दवाखान्यात हजर. खांदा दाखवलाच नाही. बाईपुढे रिकामी वाटी धरली.

"बाय, थोडी जेली दे. खोबरेलाचा वास तिला आवडत नाय."