विहिरीचा राष्ट्राध्यक्ष

आमच्या शिवारात सुपडूभाऊ नावाचा एक माणूस होता. त्याने स्वतःला पदावरून काढण्यासाठी स्वतःच सभा भरवली होती. आरोप ठेवणारा तोच आणि आरोपीही तोच. गुन्हा असा की आपल्या पाळीत त्याने दिवस मावळल्यावरही मोटेच्या चार फेऱ्या जास्त मारल्या. कोणी पाहिलं नव्हतं. यानेच सगळ्यांना मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी गोळा केलं आणि हात जोडून उभा राहिला.

"मी गुन्हा कया शे. माले काढा."

विहिरीतली एक वाटेकरीण गोदाअक्का म्हणाली, "तुले काढीसन तुन्या जागावर कोण बसी रे? हिलाल?"

हिलाल सोडून सगळे हसले आणि सुपडूभाऊ निर्दोष सुटला. सुटला म्हणून दोन दिवस तो रागात होता. म्हणे चौकशी नीट झाली नाही. अमेरिकेत अशी होत नाही.

आता अमेरिका आमच्या विहिरीवर कशी आली ते सांगतो. शिरपूर तालुक्यातलं आमचं गाव, तापीच्या अलीकडे. विहीर एक आणि तिच्यात पाच घरांचा वाटा. स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. सुपडूभाऊ शिरपूरला मारवाड्याच्या दुकानात हिंग घ्यायला गेला. मारवाडी एका मराठी पुस्तकाची पानं फाडून पुड्या बांधत होता. पुस्तक अमेरिकेचं सरकार कसं चालतं याचं. सुपडूभाऊने हिंग घेतला आणि उरलेलं पुस्तकही उचलून आणलं. पुढची पानं नव्हती, मागची नव्हती, मधलीही काही गेलेली. जेवढं होतं तेवढं त्याने पाठ केलं.

कोणी म्हणालं, आता आपलीही घटना आली ना? तो म्हणायचा, "आली. चांगली शे. पण आपली विहीरपर्यंत अजून पोचनी नही."

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "एकना हातमा बठ्ठं देवानं नही." एकाच्या हातात सगळं द्यायचं नाही. जेवताना, बैल धुताना, कोणाच्या मयतीला गेला तरी तेच. तिथे म्हणे कायदा करणारे वेगळे, चालवणारा वेगळा आणि चूक-बरोबर सांगणारा वेगळा. तिघांनी एकमेकांचा हात धरून ठेवायचा, म्हणजे कोणाचा हात काठीकडे जात नाही.

त्याने विहिरीची तशीच मांडणी केली. स्वतः राष्ट्राध्यक्ष. त्याने फक्त पाळी लावायची, नियम करायचे नाहीत. नियम करायला दोन सभा. खालच्या सभेत ज्याची जमीन जास्त त्याची मतं जास्त. वरच्या सभेत प्रत्येक घराची दोन मतं, वावर केवढंही असो. हिलालचं वावर सगळ्यात मोठं. तो उसळला.

"मनं वावर बारा बिघा, ह्या गोदाअक्कानं दीड. आनि मत सारखं?"

"खालना घरमा तुनं वजन, वरना घरमा तिनं," सुपडूभाऊ म्हणाला. "दोन्ही घरं हो म्हणतील तर कायदा."

दोन मतं म्हणजे नवरा एक आणि बायको एक, असा अर्थ त्याने लावला. त्यामुळे आमच्या शिवारात बायका सभेत बसायला लागल्या. गोदाअक्का विधवा. तिची दोन्ही मतं तीच द्यायची, आणि कधी कधी एक इकडे आणि एक तिकडे द्यायची. विचारलं तर म्हणायची, मला दोन्ही पटलं.

मग खाती. मोटेचा नाडा हिलालकडे, विहिरीचा गाळ दुसऱ्या घराकडे, पाटाची डागडुजी तिसऱ्याकडे. नाडा तुटला तेव्हा हिलालला सभेपुढे उभं करून विचारलं, का तुटला? तो म्हणाला, जुना होता. गोदाअक्का म्हणाली, मग तू त्याचा वाढदिवस पाहत होतास का? त्यानंतर नाडा कधी तुटला नाही. हे मी खरं सांगतो.

आणि जज मी. माझा त्या विहिरीत वाटा नाही, माझं वावर कोरडवाहू. शिवाय मी कोणाला घाबरत नाही आणि कोणाचं ऐकत नाही, हे गावाला माहीत. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पूर्ण नाही. पण सुपडूभाऊ घरी आला आणि म्हणाला, आबा, राष्ट्राध्यक्ष जजचं नाव सुचवतो, वरची सभा त्याला तपासते. तपासायला गोदाअक्का. तिने मला खालून वर पाहिलं, विडी ओढतो का विचारलं, बायकोला मारतो का विचारलं, आणि म्हणाली, चालेल. एकदा नेमला की मरेपर्यंत जज. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

एकदा एका घराच्या म्हशीने दुसऱ्याच्या पाळीचं पाणी पिऊन थारोळं गढूळ केलं. मी निकाल सांगितला. सुपडूभाऊ म्हणाला, "आबा, कारण लिखीसन द्या. तिथले जज लिहून देतात."

मी सकाळभर बसून चार ओळी लिहिल्या. हिलालने कागद हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाला, "आबा, हाई वाचानं का झटकानं?"

मुंग्या पडल्यासारखं माझं अक्षर. सगळे हसले. हिलालचं मला काही वाटलं नाही, तो तसाच. पण सुपडूभाऊही हसला. ते मी मनात ठेवलं.

पुढच्या वर्षी हिलालने एक कायदा आणला. दिवस मावळेपर्यंत ज्याने मोट धरली नाही त्याची पाळी गेली. पुढची पाळी आली की मगच पाणी. बैल आजारी असेल तरच सूट. दोन्ही सभांनी हो म्हटलं. सुपडूभाऊने नाही म्हटलं, त्याला तो अधिकार होता. म्हणाला, माणसाला एखादा दिवस अडचण येते, हा कायदा निर्दय आहे. पण राष्ट्राध्यक्षाने नाकारलं तरी दोन्ही सभांत दर तीन मतांतली दोन पुन्हा हो पडली तर कायदा होतोच. पुन्हा मतं झाली आणि कायदा झाला. सुपडूभाऊने त्याखाली सही केली आणि त्याच दिवसापासून तो पाळायला लागला.

वैशाख आला. त्या वर्षी विहीर तळाला गेली. सुपडूभाऊची केळी घडावर आलेली. चार वर्षांत पहिल्यांदा अशी बाग लागली होती. भुसावळला मालगाडीत घड कसे चढवायचे ते तो जाऊन पाहूनही आला होता. पाच घरांचे पाच दिवस आणि सहाव्या दिवशी विहीर बंद, म्हणून पाळी दर सहा दिवसांनी यायची. केळीला तेवढंही कमीच.

गोदाअक्काच्या पाळीला तिचा बैल लंगडायला लागला. सुपडूभाऊने आपली जोडी तिला दिली. बैल दिवसभर उन्हात मोट ओढत राहिले. दुसऱ्या दिवशी सुपडूभाऊची पाळी, आणि बैल उठेनात. पाणी दाखवलं, गूळ दाखवला, शेपटी पिळली. दिवस मावळला.

हिलाल म्हणाला, पाळी गेली. सुपडूभाऊ म्हणाला, बैल आजारी धरावे. प्रकरण माझ्यापुढे आलं.

मला सगळं दिसत होतं. ती जोडी कोणासाठी थकली ते पाच घरांना माहीत होतं. दमलेल्या बैलाला आजारी म्हणायला कोणाचं काय जात होतं? पण मला तो कागद आठवला, आडवा धरलेला. मी म्हणालो, दमणं म्हणजे आजार नाही, पाळी गेली. आणि कारण लिहून दिलं. या वेळी सावकाश, एकेक अक्षर सुटं. कोणी हसलं नाही.

सुपडूभाऊने कागद वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि म्हणाला, "निकाल लागना."

तिसऱ्या दिवशी गोदाअक्का त्याच्याकडे गेली, माझी पुढची पाळी घे म्हणाली. तो म्हणाला, पाळी अशी परस्पर देता येत नाही. चौथ्या दिवशी हिलाल स्वतः गेला. तोही म्हणाला, "घे रे बाबा पानी, माले रातले झोप येत नही." सुपडूभाऊ म्हणाला, जजचा निकाल राष्ट्राध्यक्षाने मोडला तर तो राष्ट्राध्यक्ष कसला, तो राजा झाला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाट पाहत होतो की त्याने एकदा यावं. माझ्या दारात यावं आणि म्हणावं, आबा, काहीतरी करा. तो आला नाही. मीही गेलो नाही.

बाग गेली. ते आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही आशा धरणार नाही.

पाचव्या दिवशी मात्र मी गेलो. बागेला पाणी लागून दहा दिवस झाले होते. पानं मधल्या शिरेवर मोडून लोंबत होती, दोन-चार झाडं घडासकट कमरेतून वाकली होती. सुपडूभाऊ बांधावर बसला होता. माझं चुकलं, एवढं एकच वाक्य मी घरून ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं ते असं : "निकाल फिरवता येतो का, ते बघ तुझ्या पुस्तकात."

"जज चुकला तर काय, ते पान नही, आबा," तो म्हणाला. "त्यामा कोणाना तरी हिंग गया."

मी म्हणालो, मग आजचं पाणी घे. दर सहाव्या दिवशी विहीर बंद असते. झिरे भरायला ठेवतोस ना तू ती? आज कोणाची पाळी नाही, कोणाचा हक्क जात नाही. आज पाणी दिलं तर निम्मी बाग वाचेल.

 तो म्हणाला, "आज मोतीरामदादानी पाळी शे."

मोतीराम त्याचा थोरला भाऊ. वीस वर्षांपूर्वी बायकोला घेऊन पिंपळनेरकडे गेला, परत आला नाही. का गेला ते गावात कोणाला नीट माहीत नव्हतं. मला त्या दिवशी कळलं. त्यांचा बाप एकटाच सगळं होता. पाळी तोच लावायचा, नियम तोच करायचा, भांडणही तोच सोडवायचा, आणि सकाळचा नियम त्याला दुपारी आठवायचा नाही. एका उन्हाळ्यात दादाशी काही बिनसलं, आणि त्याची पाळी बापाने सुपडूला देऊन टाकली. दादाची मिरची आठ दिवसांत जळाली.

"बाबासनी दिधं," सुपडूभाऊ म्हणाला. "पण घेनारा मी व्हतू ना, आबा. माले 'नही' म्हणता येत व्हतं."

दरवर्षी तो पिंपळनेरला निरोप पाठवायचा. आता इथे एका माणसाच्या हातात काही नाही, तुझी पाळी राखून ठेवली आहे, ये. निरोप पोचायचा. उत्तर येत नव्हतं.

"मग आज तरी घे," मी म्हणालो. "तो काही येत नाही."

"त्यानी पाळी मी एकदा लिधी," तो म्हणाला, आणि विहिरीकडे पाहत राहिला. मोट कोरडी लटकत होती. खाली पाणी साठत असेल, ते तसंच साठू दिलं त्याने.

मी घसा खाकरला. म्हणायचं ते वाक्य अगदी ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उन्हात उभा होतो. त्याने वाकलेल्या केळीचं एक पान मोडलं, जरा हिरवं उरलेलं, बांधावर अंथरलं आणि मला बसायला जागा केली.

"आबा, एवढा उनमा चालत उनात," तो म्हणाला. "जेवनात का?"

मी जेवलो नव्हतो. हो म्हणालो, आणि ते वाक्य तसंच घेऊन पानावर बसलो.