एक मण पांगारा, दोन मण आक्का

“अण्णा, माझा पोळपाट हौदातून काढा. आधी तो काढा, मग बोला.”

आमची मंडळी अंगणात उभी राहून हे इतक्या वरच्या पट्टीत सांगत होती, की त्या सकाळी गिरणीचा भोंगा झाला की नाही हे आमच्या पेठेत कुणालाच कळलं नाही, आणि निम्म्या पाळीचा खाडा पडला. हौदाच्या काठावर आमचे शेजारी ईरण्णा मापाडी उकिडवे बसले होते. पोळपाट पाण्यावर संथ फिरत होता. त्यावर मळलेल्या कणकेचा एक गोळा होता, आणि ईरण्णा त्याच्याकडे डोळे मिटायचे विसरून बघत होते.

“नोड्री वहिनी,” ते म्हणाले, “कणकीसकट तरंगतोय. पाणी खोटं बोलत न्हाय.”

‘नोड्री’ म्हणजे कानडीत ‘बघा’. ईरण्णांच्या तोंडून हा शब्द निघाला, की आमच्या घरातली एखादी वस्तू पाण्यात गेलेली असायची.

आमची सहा बिऱ्हाडं एका ओळीत, आणि सगळ्यांत मिळून एक हौद. ईरण्णा शेवटच्या खोलीत एकटे राहायचे. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लाकडाच्या वखारीत आलेला माल मोजायचा हे त्यांचं काम, म्हणून मापाडी. तीस वर्षं लाकडं मोजून माणसाला लाकडाचा कंटाळा यावा. यांना चटक लागली होती. लाकूड दिसलं की ते पाण्यात टाकायचं, आणि पाण्यात टाकलं की त्याचं काय झालं ते आम्हाला बोलावून दाखवायचं. माझी छत्री, मंडळीची फणी, शेजारच्या विणकरांचे धोटे, पाळण्याचा खूर, देवघरातला चौरंग, सगळ्यांना त्या हौदाचं स्नान घडलं. माझ्या दिवंगत वडिलांच्या खडावासुद्धा सुटल्या नाहीत. डावी तरंगली, उजवी बुडाली. ईरण्णांनी ताबडतोब निकाल दिला, की डावी सागाची आणि उजवी अंजनाची. अंजनाचं लाकूड पाण्यापेक्षा जड, ते दगडासारखं तळ गाठतं. म्हणजे वडील जन्मभर एका पायानं लंगडायचे ते गुडघ्यामुळे नव्हे. आम्ही त्या गुडघ्याला चाळीस वर्षं तेल चोळलं होतं.

“लाकूड हाय म्हणून तरंगतं, हे खुळ्याचं बोलणं,” ते मला बजावत. मी गिरणीच्या हपिसातला कारकून. मला दहाच्या आत खुर्चीवर बसायचं असे, आणि हे माझा कोट धरून उभे. “पाण्यात काय बी टाका, ते आपल्यापुरती जागा करणार की. जागा करायची म्हंजे पाणी सरकवायचं. आपल्या वजनाइतकं पाणी सरकवलं की ते तरंगलं. अख्खं बुडून बी तेवढं पाणी सरकंना, तर ते बुडालं.”

मी हो म्हटलं. तरी कोट सुटला नाही. त्यांनी आमचं घंगाळ काठोकाठ भरून आमच्याच परातीत ठेवलं आणि आमचाच पोळपाट त्यात अलगद सोडला. परातीत सांडलेलं पाणी वखारीतून आणलेल्या तराजूत घातलं, दुसऱ्या पारड्यात पोळपाट. काटा सरळ. मग पाटावरवंट्यातला वरवंटा. तो तळाला बसला, आणि सांडलेलं पाणी त्याच्या निम्म्यानंही भरलं नाही. हे सगळं मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूचं पाण्यातलं वजन मला तोंडपाठ आहे आणि हपिसातलं एकही काम आठवत नाही.

एवढ्यावर थांबते तरी आम्ही सोसलं असतं. पण त्या ज्येष्ठात त्यांनी आमच्या मंडळीला भर अंगणात, पाच बायकांच्या देखत विचारलं, “वहिनी, तुमचं वजन दोन मण भरंल का?”

आमची मंडळी अंगानं भरलेली आहे, आणि ही गोष्ट आमच्या घरात कुणी बोलत नाही. त्यानंतर मी आठ दिवस करपलेली भाकरी खाल्ली. अपराध ईरण्णांचा, भाकरी मला.

नवव्या दिवशी मात्र मंडळीचा राग अचानक उतरला. ईरण्णा तिला हौदावर म्हणाले होते, “श्रावणाच्या आत सांगड जमली पायजे बघा.” तिला सगळा उलगडा झाला. पन्नाशीचा विधुर, एकटा, बायकांची वजनं विचारतोय, पोळपाट लाटणं तपासतोय, आणि आता सांगड जमवायची म्हणतोय. “अहो, त्यांना लग्न करायचंय,” ती मला म्हणाली, आणि तिनं चार दिवसांत अक्कलकोटकडचं एक स्थळ काढलं. ईरण्णांना फक्त एवढंच सांगितलं, की तुमच्या सांगडीसाठी अक्कलकोटहून पाहुणे येतायत.

मुलीचे मामा आले. चांगले धिप्पाड, जरीचा पटका, हातात पानाचा डबा. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग तुमची अपेक्षा काय म्हणायची?”

“लई काय न्हाय,” ईरण्णा म्हणाले. “वाळलेली पायजे.”

मामांचं चुन्याचं बोट पानावर थांबलं.

“आतनं पोकळ नको. भरीव पायजे, पण हलकी. बैलगाडीत टाकताना एका मानसाला उचलली पायजे. आन कीड लागलेली न्हाय, हे मी बघून घेणार.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मामा फार सोशिक असावेत. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, की बघायला अक्कलकोटला कधी येता?

“तितं कशाला? हितंच आणा की,” ईरण्णा म्हणाले. “हौदात टाकून बघू.”

पानाचा डबा आमच्याकडेच राहिला. मामा गाडीची वाट न बघता अक्कलकोटपर्यंत पायी गेले असं म्हणतात, आणि वाटेत ज्याला त्याला सोलापुरात मुलगी देऊ नका असं सांगत गेले. दोन वर्षं आमच्या पेठेतल्या मुलांची लग्नं त्या बाजूला जमली नाहीत.

“कसली सांगड म्हणायची ही, अण्णा?” मंडळीनं कपाळाला हात लावून विचारलं.

“नदी उतरायची,” ईरण्णा म्हणाले. “दुसरी कुटली आसती?” त्यांना वाटलं होतं, मामा पांगाऱ्याचं लाकूड विकायला आलेत.

मग त्यांनी सांगितलं. बोलत होते आमच्याशी, पण बघत होते हौदात. त्यांची थोरली बहीण नागव्वा भीमेपलीकडच्या एका खेड्यात दिलेली. उन्हाळ्यात नदी आटली की ती गाडीतून येऊन जायची. पण पंचमीला बहिणीनं माहेरी यावं, भावानं जाऊन तिला आणावं, आणि नेमकी तेव्हाच भीमा फुगलेली, नाव बंद. आठ वर्षांपूर्वी ईरण्णा चार भोपळ्यांची सांगड बाजल्याखाली बांधून तिला आणायला गेले होते. एक भोपळा उंदरानं कुरतडलेला निघाला.

“मधल्या धारेत त्यात पाणी शिरलं. आक्का गळ्यापातूर बुडाली. कशीबशी काठाला लागली आन म्हणाली, आता पंचमीला मला न्ह्यायला यायचं न्हाय. आजून येत न्हाय.” मग ते पुढे म्हणाले, “भोपळ्याचं बळ त्याच्या पोकळीत. भोक पडलं की संपलं. पांगारा आतबाहेर सारखाच हलका. भोक पाडा, तुकडा मोडा, उरलेला तरंगतोयच. हे तिला दावायचं हाय.”

मग आमच्या मंडळीनं विचारलं, “दोन मण भरतात का हो आक्का?” आणि आत जाऊन तिनं लाटणंही आणून त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर आषाढभर आमच्या ओळीत दुसरा विषय नव्हता. ईरण्णांनी हिशेब बसवला होता, की वाळलेला पांगारा स्वतःला सांभाळून शेराला दोन शेर भार पेलतो. म्हणजे दोन मण आक्काला एक मण पांगारा. वर तिचा पदरही भिजू नये म्हणून अर्धा मण जास्तीचा. ओंडके आणून वाळवले, पाणी पिऊ नयेत म्हणून जवसाचं तेल पाजलं, काथ्यानं आवळून बांधले. वर आक्काला बसायला चौरंग. तो आमचाच.

आता ही सांगड दोन मणांनी तपासायची होती. मंडळीकडे बघायची कुणाची छाती नव्हती. मी दीड मण भरलो. कमी पडलेला अर्धा मण भरून काढायला मंडळीनं आपणहून जात्याची तळी दिली. अशा रीतीनं एका रविवारी सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यात, चौरंगावर मांडी घालून, मांडीवर जात्याची तळी घेऊन मी तरंगलो. घाटावर सगळं सोलापूर लोटलं होतं. कुणीतरी मला नारळ वाहिला. माझे हेडक्लार्क तिथे होते. तेव्हापासून ते मला हपिसात ‘महाराज’ म्हणतात. एवढं होऊन ईरण्णा स्वतः मात्र घाटाच्या कोरड्या पायरीवर, कमरेला दोर बांधून उभे. पाण्याला त्यांनी अंगठा लावला नाही. दोर ओढून मला काठाला घेतलं, माझ्या धोतराचा सोगा दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, “कोरडा हाय की.”

मी मनात त्यांना काय काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी पहाटे सांगड गाडीत घालून ते भीमेकडे गेले. आमच्या मंडळीनं ओळीतल्या निंबाला झोका बांधून घेतला, दोन मण पेलेल असा. पंचमीला पुरणाचे दिंड केले, आक्काच्या वाटणीचे वेगळे काढून ठेवले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी बाजाराहून येणाऱ्यांनी सांगितलं, की भीमेला दोन्ही थड्या भरून पाणी आहे. मंडळी दारातून हलेना. तिसऱ्या दिवशी तिनं तो पोळपाट उगीचच हौदात सोडला आणि बघत बसली.

पाचव्या दिवशी ईरण्णा आले. एकटेच, पायी, हातात लाह्यांचं गाठोडं. पाणी उतरल्यावर नावेनं इकडे आले होते.

मंडळीनं आधी त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग चार दिवसांचा सगळा आरडाओरडा एकदम केला. तो संपल्यावर मी विचारलं, सांगड बुडाली का?

बुडाली नव्हती. ईरण्णा चौरंगावर बसून, कोळ्यांच्या दोन पोरसवदा गड्यांकडून ढकलवून घेत, सोगा न भिजवता पलीकडे पोचले होते. काठावर आक्का आली. तिनं आधी त्यांना लाकडानंच बडवलं. मग घरी नेऊन जेवू घातलं. सांगडीवर बसायला ती तयार झाली नाही ती नाहीच. पंचमी तिकडेच झाली, झोकाही तिनं यांनाच दिला. आणि सांगड तिनं परत दिली नाही. तिच्यावर गोवऱ्या रचून टाकल्या, पुन्हा कुणी पाण्यात नेऊ नये म्हणून.

“पण एवढं डोळ्यांनी बघून तिची भीती जाईना?” मी वैतागून म्हणालो. माझा चौरंग त्या गोवऱ्यांखाली होता.

“तिला कुटली भीती? ती माशासारखी पवती,” ईरण्णा म्हणाले. “त्या टायमाला बी तिनंच मला मानगूट धरून काढलं. मी तळालाच गेलो होतो. मला पवाय येत न्हाय.”

आठ वर्षं तिनं पंचमीचं माहेर सोडलं होतं ते कशासाठी, हे मंडळीला माझ्या आधी कळलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला आणखी थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर माझा आवाज आपोआप चढला. पोहता येत नाही, एकदा बुडून झालेलं, नदी दोन्ही थड्या भरलेली, आणि हा माणूस माझ्या चौरंगावर बसून भीमेत उतरतो. मी विचारलं, “अहो, मग उतरलात कशाला?”

ईरण्णांनी गाठोडं सोडून लाह्या आमच्या पोळपाटावर ओतल्या.

“आक्का पलीकडं होती की.”