मानाच्या फेट्याचा पुरावा

नाथाजीरावांच्या साताऱ्याच्या घरात सगळे टीव्हीसमोर जमले होते, आणि टीव्ही डिस्क ओळखायलाच तयार नव्हता. 'अनोळखी डिस्क. फॉरमॅट करायची का?' असं पडद्यावर चक्क विचारत होता. म्हणजे आतलं सगळं पुसून टाकू का, म्हणून. नाथाजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारणही तसंच होतं. वर्षापूर्वी थोरल्या लेकीच्या, शिवांजलीच्या लग्नात आपल्याला मानाचा फेटा बांधलाच नाही, म्हणून आटपाडीचे तानाजीदादा रुसले होते. सख्खा थोरला भाऊ, पण वर्षभरात ना फोन, ना दिवाळीला येणं. नाथाजीराव तर शपथेवर सांगत होते, की फेटा मी स्वतःच्या हातानं बांधला. शूटिंगवाल्यानं दिलेली लग्नाची अख्खी फिल्म या डिस्कमध्ये होती. ती दाखवायला दादांना मोठ्या मिनतवारीनं बोलावलं होतं. दादा आले, पण चहा नको म्हणाले. "आदी फेटा दाव," एवढंच बोलून खुर्चीच्या कडेला टेकले.

"डिस्कवर ठळक अक्षरात लिवलंय की, शिवांजलीचं लग्न म्हणून. ह्याला वाचता येत न्हाई व्हय?" नाथाजीराव टीव्हीवर कडाडले.

धाकटी लेक क्रांती पुण्याच्या कंपनीत संगणकाचंच काम करायची. तिनं समजावलं, की वर काय लिहिलंय ते यंत्र बघतच नाही. टीव्हीच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी असतो. डिस्कवर माहिती मांडायच्या पद्धती अनेक, आणि प्रत्येक पद्धतीची खूण आत ठरलेल्या जागी लिहिलेली असते. कारभारी ती खूण वाचतो आणि आपल्याला येणाऱ्या पद्धतींशी ताडून बघतो. जुळली तरच पुढचं काम. शूटिंगवाल्याच्या संगणकाची पद्धत या टीव्हीला येतच नव्हती.

"म्हंजी घर माजं, टीव्ही माजा, अन् माज्याच लेकीचं लगीन अनोळखी?"

समोर धरलेली वस्तू ज्याला ओळखता येत नाही, त्याला कारभारी कुणी केला, असं त्यांनी दोनदा विचारलं. तोवर दादांनी पिशवी काखेत मारली होती. पुरावाच नाही म्हटल्यावर बसून करायचं काय?

क्रांतीनं घाईघाईनं आपला लॅपटॉप आणून डिस्क त्याला जोडली. त्यातल्या कारभाऱ्याला ही खूण ठाऊक होती. फिल्म सुरू झाली.

मानपानाचा प्रसंग आला. मांडवात नाथाजीराव कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसत होते आणि हातानं फेटा बांधत होते. तानाजीदादा टोपी काढून, मान पुढे करून शेजारी उभे होते. फेटा चढत होता तो त्यांच्या बाजूच्या माणसाच्या डोक्यावर.

दादा पडद्याजवळ वाकले. "ह्यो तर आमच्या जीपचा ड्रायव्हर, धुळा. तरीच गडी आटपाडीपातूर फेटा घालून गाडी चालवत हुता. मला वाटलं, लय हौशी हाय."

नाथाजीरावांना भयंकर लाज वाटली. पत्नी शालूबाईंनी कपाटातला कोरा फेटा काढून त्यांच्या हातात दिला. ते खालमानेनं भावापुढे उभे राहिले.

"चुकलं दादा. आत्ता बांधतो."

"आसा न्हाई," दादांनी हात आडवा धरला. "आदी शूटिंगवाल्याला बोलाव. अन् बांधताना तू माज्याकडं बघ. कॅमेऱ्याकडं मी बघतो."