आत येताना घडी मोडावी

शिस्तीवाचून जगता येत नाही, हे पेशीला आपल्या आधी कळले. तिच्या आतल्या कप्प्यांना पातळ पडद्याच्या भिंती असतात आणि त्या भिंतींतली बरीच दारे इतकी अरुंद, की घडी पडून आकाराला आलेले प्रथिन त्यांतून शिरूच शकत नाही. त्याला सुतासारखे सरळ राहावे लागते. डोक्याशी कुठे जायचे त्याची चिठ्ठी असते. आत गेल्यावर ती बहुधा कापून टाकतात. वाटेत भलतीच घडी पडू नये म्हणून सोबती प्रथिने असतात. (भत्ता नाही.)

आमची संस्था याच विषयावर संशोधन करते. इतकी निर्दोष पद्धत सूक्ष्मदर्शकाखालीच पडून राहावी, याचे संचालकसाहेबांना वाईट वाटले आणि त्यांनी ती फाटकावर लागू केली. फाटक अरुंद केले. नव्या माणसाच्या कपाळावर विभागाची चिठ्ठी चिकटवायची, आत आल्यावर ती कात्रीने कापायची (कपाळ वगळून) आणि मुख्य म्हणजे त्याच्या अंगातल्या घड्या फाटकातच मोडायच्या. घडी कशाला म्हणावे, हे समितीने ठरवले: शीळ घालणे, खळखळून हसणे, ‘कशावरून?’ असे विचारणे. सोबतीला एकेक जुना कर्मचारी दिला. तो नव्या माणसाच्या कानाशी “असू द्या, असू द्या” म्हणत चालतो. पहिल्याच वर्षी शंभरातले अठ्ठ्याण्णव जण सरळ झाले. उरलेल्यांची विल्हेवाट लावली, कारण पेशीही तेच करते.

त्या सुमारास एक मुलगी रुजू झाली. मुलाखतीत तिने साहेबांच्या आलेखावर बोट ठेवून “कशावरून?” असे विचारले होते आणि आलेख खरोखरच चुकलेला निघाला होता. म्हणून तर तिला घेतले. तिच्या सोबतीला मी होतो. फार सुरेख सरळ झाली. पुढे तोच आलेख, त्याच चुकीसह, भर सभेत दाखवला गेला तेव्हा पहिली टाळी तिची. मला अगदी भरून आले.

मग एके सकाळी तिचे वडील फाटकाशी येऊन उभे राहिले.

“काल मुद्दाम भाजी अळणी केली,” ते मला म्हणाले. “आणि म्हटलं, मीठ बरोबर पडलंय. तर म्हणते, ‘हो बाबा.’ अहो, बोलायला लागल्यापासून कशावरून, कशावरून करून डोकं खाल्लंय तिनं माझं. आता घर खायला उठतं. माझी पोर होती तशी परत द्या.”

“काका, आमच्याकडे फक्त आत घ्यायची सोय आहे,” पहारेकरी म्हणाला.

मला चुटपुट लागली. साहेबांनी ही पद्धत ज्यातून उचलली, ते त्यांचेच पुस्तक उघडले. पुढच्या पानावर लिहिले होते की आत गेल्यावर दुसरे सोबती प्रथिनाला त्याची घडी घालायला मदत करतात. त्याशिवाय ते काही कामाचे नसते. ते पान मी साहेबांना दाखवले.

“तो दुसरा टप्पा,” साहेब म्हणाले. “त्याची गरज नाही.”

कशावरून, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. “असू द्या,” मी म्हणालो.

ती मुलगी अजून आमच्याकडेच आहे. बढती मिळाली. वडील अळणी जेवतात.

जाता जाता एक. शंभरातले अठ्ठ्याण्णव हा आकडा मी मनानेच लिहिला होता. तुम्ही तो निमूट वाचून पुढे गेलात. तुमच्या वेळी सोबतीला कोण होते?