मोनेग्रोसच्या मैदानी लाम्बेर्तोरावांची सायकल-स्वारी

पुढिलांस काटकसरीचा मार्ग सोपा न वाटावा, येविषयी ही हकीकत यथामति लिहिली. वाचणारांनी पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

आरागोन प्रांती, सारागोसा शहरी राजश्री लाम्बेर्तोराव, ट्रामचालकीतून निवृत्त, मोठे मानी आणि हाताचे आखडते, नांदत होते. त्यांचे मेव्हणे साबीनो यांणी समुद्रकाठी घर घेतले आणि ऑगस्टात येणेविषयी निरोपावर निरोप धाडिले. परंतु तेथे साबीनो रोज नव्या घरच्या फरशीचा भाव ऐकवीत, सबब रावांस ते तोफेच्या तोंडी जाण्यासारखे वाटे. मग भरपंगतीत करार जाहला की, रावांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन, हॉटेलास छदाम न देता, मोनेग्रोसचे वाळवंट सायकलीवर ओलांडावे. ओलांडल्यास समुद्राचे नाव कोणी काढू नये, आणि मध्येच साबीनोंची गाडी बोलाविल्यास सालोसाल ऑगस्टात हजर व्हावे.

मग खासा स्वारी सिद्ध जाहली. समागमे मागून आणिलेला तंबू, पावात कोंबलेले बटाट्याचे ऑम्लेट आणि सौभाग्यवती ओरोसियाबाई, ज्यांस कोणी पुसिलेच नव्हते. बाईंनी आगगाडीची तिकिटे मात्र स्वहस्ते काढिली आणि कळविले की, वाळवंटापलीकडील कास्पे गावापर्यंत रेल्वेने जावे व तेथून सायकली घराकडे हाकाव्या, ऐसे केल्यास तिकीट निम्म्या दरात पडते. सिएर्सो नामे वारा सारागोसाकडोन सुटतो आणि कास्पेकडे धावतो, हे तेथील तान्ह्या पोरासही ठाऊक. परंतु निम्मा दर ऐकताच रावांची मति गुंग जाहली आणि वाऱ्याची याद राहिली नाही.

कास्पे सोडताच सिएर्सो चालोन आला. धुळीने डोळे भरले, आणि तंबू उडोन मुलूखपार गेला, आणि उतारावरही पायडल मारल्याविना सायकल हलेना. तरी राव मान खाली घालोन रेटीत राहिले, कां की माघार घेणे आरागोनच्या माणसास ठाऊक नाही. दोन प्रहरी बाई रस्त्याकडेस बसल्या.

"सायकल वळव. वारा आपल्याला फुकटात कास्पेला सोडतोय."

"मी मागे फिरणारा माणूस नाही."

"मग नको फिरूस. पाणी माझ्याकडे आहे."

रावांनी पाहिले तों बाईंचे ओठ फुटोन रक्त आले होते. तेव्हां त्यांचे काळीज हलले आणि अभिमान गळाला. सायकली वळल्या, आणि तोच सिएर्सो पाठीशी जाहला, आणि बाई दोन्ही पाय पसरोन लहान पोरीसारख्या हसत पुढे निघोन गेल्या. ऐसे हसणे रावांनी बहुत वर्षांत ऐकिले नव्हते. कास्पेस पोहोचताच त्यांणी आपण होऊन फोन लाविला आणि दात आवळोन गाडी मागविली.

साबीनो विजयी मुद्रेने दाखल जाहले. फरशीची कथा आरंभणार, तों बाईंनी मागल्या आसनावर बैठक मारोन फर्माविले,

"दादा, समुद्राकडची खोली आमची. मी तीस वर्षं वाट बघितलीय."

रावांनी खिशातले निम्म्या दराचे तिकीट काढोन पाहिले. लढाई कोणाशी होती, हे रावांस तेव्हां कळले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सेनापती शिकस्त खाऊन परतले, सबब फत्तेनामा ओरोसियाबाईंचे नावे लिहिला असे.